बालरोग वॉर्डातला विषाणू सिस्टरपर्यंत कसा पोहोचतो

रात्रीचे दोन वाजलेले असतात. सात महिन्यांचं लेकरू आईच्या मांडीवर धापा टाकतंय, नाक वाहतंय, पोट भात्यासारखं वरखाली होतंय. आई केज तालुक्यातल्या एका वस्तीवरून जीपने आलेली, दोन रात्रींची जागी. "सिस्टर, बघा की, लेकरू कसं करायलंय," असं म्हणते आणि लेकरू पुढे करते. अशा वेळी कुठलीही सिस्टर आधी लेकरू घेते, बाकीचं नंतर. एका हाताने खांद्याला लावते, दुसऱ्या हाताने नेब्युलायझरचा मास्क शोधते, गॉजने नाक पुसते, वाफ सुरू करते, केसपेपरवर वेळ टाकते आणि झोपेने जड झालेला डोळा बोटाने चोळते.

विषाणू तिच्या अंगात शिरतो तो बहुतेक वेळा या डोळा चोळण्यात. लेकराला छातीशी धरलं होतं तेव्हा तो फक्त तिच्या हातावर आला होता.

मराठवाड्यातल्या बालरोग वॉर्डात माझी १९ वर्षं गेली. आता नर्सिंगच्या मुलींना शिकवते. दर वर्षी पेडियाट्रिकची पोस्टिंग लागली की कुणीतरी विचारतंच, "मॅडम, घरचे म्हणतात तिथल्या हवेतच सगळे आजार असतात, खरं आहे का?" त्या मुलींसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी हे लिहितेय. धोका आहे, तो मी नाकारणार नाही. पण तो वॉर्डभर सारखा पसरलेला नसतो. प्रत्येक विषाणूची लेकराच्या अंगातून बाहेर पडायची वाट ठरलेली आहे आणि आपल्या अंगात शिरायचीही. कुणाची वाट हातावरून जाते, कुणाची हवेतून, कुणाची सुईच्या टोकावरून. आणि काहींची वाट आपल्यापर्यंत येतच नाही.

सुरुवात आरएसव्हीपासून करू, कारण धाप लागलेल्या तान्ह्या मुलांमध्ये हाच सगळ्यात जास्त भेटतो. श्वसनमार्गाचा हा विषाणू १९५६ मध्ये पहिल्यांदा सापडला, तोही सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये. दोन वर्षांचं होईपर्यंत जवळजवळ प्रत्येक मूल याच्या तडाख्यातून जातं. मोठ्या माणसाला तो साध्या सर्दीसारखा होतो, पण तान्ह्या बाळाच्या बारीक श्वासनलिका सुजतात, चिकट स्रावाने बुजतात आणि बाळ दमून जातं. पावसाळ्याच्या शेवटापासून थंडी सरेपर्यंत आमच्याकडे अशा लेकरांची रांग लागते.

हा विषाणू वॉर्डातल्या माणसांना नेमका कसा लागतो, हे शोधायला अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या बालरोगतज्ज्ञ कॅरोलिन हॉल आणि त्यांचे सहकारी डग्लस यांनी एक साधा आणि डोळे उघडणारा प्रयोग केला. तो १९८१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी स्वेच्छेने आलेल्या माणसांचे तीन गट केले. पहिल्या गटाने आजारी बाळाला नेहमीसारखं सांभाळलं : मांडीवर घेतलं, दूध पाजलं, लंगोट बदलले. दुसऱ्या गटाची बाळाशी भेटच झाली नाही. बाळ खोलीत नसताना त्यांनी त्याच्या खाटेला आणि आजूबाजूच्या वस्तूंना हात लावला आणि तोच हात स्वतःच्या नाकाला, डोळ्याला लावला. तिसरा गट बाळाच्या खाटेपासून सहा फुटांहून लांब नुसता बसून राहिला.

निकाल असा आला : बाळाला कुशीत घेणाऱ्या ७ पैकी ५ जणांना लागण झाली. नुसत्या वस्तूंना हात लावणाऱ्या १० पैकी ४ जणांना झाली. लांब बसलेल्या १४ जणांपैकी एकालाही झाली नाही.

मी हे आकडे फळ्यावर लिहिते आणि मुलींना मधल्या गटाकडे बघायला सांगते. त्या चौघांनी बाळ पाहिलंसुद्धा नव्हतं! त्यांच्यावर कुणी खोकलं नाही, शिंकलं नाही. खाटेचा कठडा आणि स्वतःचं बोट, एवढ्यावर आजार झाला. त्याच डॉक्टरांच्या आधीच्या कामातून कळलं होतं की बाळाच्या नाकातल्या स्रावात हा विषाणू टेबलासारख्या कडक पृष्ठभागावर सहा तासांपर्यंत, कापडावर अर्धा-पाऊण तास आणि माणसाच्या कातडीवर वीसेक मिनिटं तग धरतो. वीस मिनिटं थोडी वाटतात, पण त्या वेळात सिस्टर चार खाटा फिरून आलेली असते.

शिरायची वाटही लक्षात घ्या. हा विषाणू तोंडावाटे फारसा लागत नाही, त्याला नाक आणि डोळे सोपे पडतात. नुसता कापडी किंवा सर्जिकल मास्क लावला तर नाक झाकलं जातं, डोळे उघडेच राहतात. ऐंशीच्या दशकात काही रुग्णालयांनी कर्मचाऱ्यांना डोळे-नाक झाकणारे गॉगल वापरायला लावले, तेव्हा कर्मचाऱ्यांमधली लागण स्पष्टपणे कमी झाली. गॉगल हवेपेक्षा जास्त स्वतःच्या बोटाला अडवतो, असं मी मुलींना सांगते.

आता यातली दुसरी बाजू. लागण झाल्यावर चार-सहा दिवसांनी सिस्टरला सर्दी होते. घसा खवखवतो, नाक गळतं. रजा मागावी एवढं काही वाटत नाही, आणि मागितली तरी मिळेल याची खात्री नसते. आरएसव्हीची प्रतिकारशक्ती टिकाऊ नसल्यामुळे दर मोसमात हे पुन्हा होऊ शकतं. ती तशीच ड्युटीवर येते आणि शेजारच्या खाटेवर दीड किलोचं, दिवस न भरता जन्मलेलं बाळ असतं किंवा हृदयाला छिद्र असलेलं. तिची ती किरकोळ सर्दी त्या बाळाला व्हेंटिलेटरपर्यंत नेऊ शकते. सिस्टरला जपणं आणि लेकरांना जपणं ही दोन वेगळी कामं नाहीत, हे वॉर्डाचा कारभार बघणाऱ्यांना कळायला हवं.

हात धुवा, हात धुवा म्हणून पोस्टर लावणं सोपं आहे. मी एकदा मुलींना बसवून हिशेब करायला लावला. रात्रपाळीत एका सिस्टरकडे २० लेकरं धरा. प्रत्येकाला रात्रभरात पाच वेळा हात लागतो असं धरा. खरं तर जास्तच लागतो. प्रत्येक वेळी आधी एकदा आणि नंतर एकदा हात स्वच्छ करायचे, म्हणजे २०० वेळा. साबण-पाण्याने नीट धुवायला जागतिक आरोग्य संघटना ४० ते ६० सेकंद सांगते. एक मिनिट धरलं तर २०० मिनिटं, म्हणजे तीन तास वीस मिनिटं नुसते बेसिनपाशी! अल्कोहोलच्या हँडरबने २० ते ३० सेकंदांत काम होतं, तरीही शंभरेक मिनिटं जातात. हात न धुणाऱ्या सिस्टरला आळशी म्हणण्याआधी हा हिशेब एकदा करून बघावा.

त्यात आपला मराठवाडा. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे सगळ्यांना आठवत असेल. एवढी वेळ दर वर्षी येत नाही, पण मार्च उलटला की नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येणं इथल्या गावांना नवं नाही. वॉर्डातल्या नळाची धार बारीक झाली की पहिला बळी हात धुण्याचा जातो. हँडरबला पाणी लागत नाही, वेळ निम्मा लागतो, आणि आरएसव्ही, फ्लू, कोरोना यांच्याभोवती जे स्निग्ध आवरण असतं ते अल्कोहोलने विरघळतं. प्रत्येक खाटेच्या पायथ्याशी हँडरबची बाटली टांगलेली असणं ही आमच्या भागात चैन नाही. मी काम केलेल्या एका ठिकाणी या बाटल्या कपाटात कुलूपबंद असत आणि चावी दिवसपाळीच्या इन्चार्जकडे. 'नेतात लोक' हे कारण. नेत असतीलही. पण रात्री दोनला त्या कपाटाचा कुणाला काय उपयोग?

जुलाबाच्या खाटांकडे गेलं की मात्र हा नियम उलटा होतो, आणि इथेच पुष्कळजणी फसतात. नोरोव्हायरस किंवा हात-पाय-तोंडावर फोड आणणारे विषाणू यांना ते स्निग्ध आवरण नसतं, त्यामुळे अल्कोहोल त्यांच्यावर नीट चालत नाही. तिथे साबण आणि वाहतं पाणीच हवं. रोटाव्हायरस १९७३ मध्ये ऑस्ट्रेलियात रूथ बिशप यांनी शोधला. तो झालेल्या लेकराच्या एक ग्रॅम शीमध्ये अब्जावधी विषाणू असतात आणि लागण व्हायला त्यातले शंभरसुद्धा पुष्कळ होतात. नखाखाली दिसणार नाही एवढं राहिलं तरी भागतं. महाराष्ट्रात २०१९ पासून सरकारी लसीकरणात रोटाची लस आहे, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. तिने मुलांमधला आजार हलका केला, पण वॉर्डातून जुलाब गेलेले नाहीत.

आमच्या वॉर्डातलं एक दृश्य सांगते. लेकरांच्या आया बाळाची शीची दुपटी वॉर्डातल्याच बेसिनमध्ये खळबळून काढत. त्यांचा दोष नाही, दुसरी जागाच नव्हती. दुपटं पिळून त्या खाटेच्या कठड्यावर वाळत घालत. त्याच बेसिनची तीच तोटी फिरवून आम्ही हात धुवायचो आणि धुतलेल्या हाताने तीच तोटी बंद करायचो. म्हणजे सगळी मेहनत शेवटच्या वळशाला वाया. नंतर कोपराने उघडायची लांब दांड्याची तोटी बसवून घेतली आणि दुपट्यांसाठी मागच्या बाजूला वेगळी मोरी झाली. औषधावर एक पैसा खर्च न होता वॉर्डातल्या मुलींना जुलाब होणं कमी झाल्याचं मला तरी जाणवलं.

आता हवेतून जाणारी वाट. गोवर. इथे हात कितीही धुवा, एकट्या हातांनी भागत नाही. गोवराचं लेकरू खोलीतून निघून गेल्यावरही विषाणू दोन तासांपर्यंत हवेत तरंगत राहू शकतो. ज्यांना प्रतिकारशक्ती नाही अशा दहा जणांना त्याच्याजवळ ठेवलं तर नऊ जणांना तो होऊ शकतो. पुरळ उठायच्या चार दिवस आधीपासून लेकरू तो पसरवत असतं, म्हणजे ताप-खोकला म्हणून सामान्य वॉर्डात दाखल केलेलं मूल चौथ्या दिवशी गोवराचं निघतं आणि तोवर सगळा वॉर्ड त्याच्या हवेत राहून झालेला असतो. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडी आणि आसपास गोवराची साथ आली, लेकरं दगावली, तेव्हा शहरातल्या लोकांना कळलं की हा आजार गेलेला नाही. आम्हाला ते माहीत होतं.

कारण आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. बीड, धाराशिव, जालन्याकडची बिऱ्हाडं लेकराबाळांसह पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात आणि पाडव्याच्या आसपास परततात. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर, दुसरा १६ ते २४ महिन्यांत. नेमक्या त्या वयात लेकरू फडातल्या कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत असतं, लसीचं कार्ड गावाकडच्या पेटीत आणि आशाताईच्या यादीत त्याच्या नावापुढे 'स्थलांतरित'. अंगावर पुरळ उठलं की अजूनही कुठेकुठे देवी आली म्हणून उशाशी लिंबाचा पाला ठेवतात आणि लेकरू दवाखान्यात येतं ते न्युमोनिया झाल्यावरच.

आणि सिस्टरचं काय? भारताच्या सार्वत्रिक लसीकरणात गोवराची लस १९८५ मध्ये आली, तीही एकच डोस. दुसरा डोस २०१० मध्ये आला. रुबेला तर २०१७ पासून. महाराष्ट्रात गोवर-रुबेलाची मोठी मोहीम नोव्हेंबर २०१८ मध्ये झाली, ती ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांसाठी. म्हणजे आज ड्युटीवर असलेल्या बहुतेक सिस्टर त्या मोहिमेच्या वयाबाहेर राहिल्या. कुणाला लहानपणी गोवर येऊन गेला, कुणाला एक डोस मिळाला, कुणाचं काहीच ठाऊक नाही. नोकरीवर हजर होताना आमची कागदपत्रं दहा वेळा तपासली जातात. लस झालीय का, कांजण्या येऊन गेल्यात का, हे मला १९ वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही. याचा मला आजही राग येतो.

गोवराच्या लेकरापाशी ज्यांची प्रतिकारशक्ती पक्की आहे त्यांनीच जावं, एन-९५ मास्क लावून. लेकराला वेगळी खोली हवी, आणि ती नसेल तर वॉर्डाच्या टोकाची, बाहेरच्या भिंतीला दोन खिडक्या असलेली जागा, वारा वॉर्डाकडून बाहेर जाईल अशी. प्रतिकारशक्ती नसलेली सिस्टर चुकून संपर्कात आलीच तर ७२ तासांच्या आत लस घेतल्याने आजार टळू शकतो. गरोदर असेल तर ही लस चालत नाही. अशी प्रतिकारशक्ती नसलेल्या सिस्टरने संपर्कानंतर लस घेतली तरी पाचव्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत लेकरांच्या ड्युटीवर असू नये.

कांजण्यांचंही थोडंफार असंच. उष्ण प्रदेशांत कांजण्या उशिरा येतात, त्यामुळे लहानपणी न आलेल्या तरुण मुली आपल्याकडे बऱ्याच सापडतात, आणि मोठेपणी आलेल्या कांजण्या जास्त त्रास देतात. लस सरकारी वेळापत्रकात नाही, विकत घ्यावी लागते, दोन डोस. रुग्णालयाने ती सिस्टरांना द्यायला हवी.

सुईबद्दल थोडक्यात. हातपाय झाडणाऱ्या लेकराला इंट्राकॅथ (सलाइनसाठी शिरेत बसवायची बारीक नळी) लावताना सुई स्वतःला टोचणं हा पेडियाट्रिकचा कायमचा धोका. लस न घेतलेल्या माणसाला बाधित रक्ताची सुई टोचली तर हिपॅटायटिस बी व्हायची शक्यता ३० टक्क्यांपर्यंत जाते, सी ची ३ टक्के किंवा त्याहून कमी, एचआयव्हीची ०.३ टक्के. लोक घाबरतात शेवटच्याला, आणि खरा मोठा धोका पहिल्याचा, ज्याची तीन डोसची लस कधीपासून आहे. सुई टोचली तर जागा पिळायची नाही, साबण-पाण्याने धुवायची आणि लगेच कळवायचं. एचआयव्हीची प्रतिबंधक औषधं शक्यतो दोन तासांत आणि जास्तीत जास्त ७२ तासांत सुरू व्हावी लागतात. सकाळी राउंडला सांगू म्हणून थांबायचं नाही.

काही आजारांची भीती मात्र उगाचच. डेंग्यूच्या लेकराला कुशीत घेऊन रात्रभर बसलात तरी डेंग्यू होत नाही. त्याला मधे डास लागतो, आणि पाणीटंचाईमुळे भरून ठेवलेले ड्रम, रांजण त्याला हवेच असतात. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावावरून नाव पडलेला, १९६५ मध्ये सापडलेला मेंदूज्वराचा विषाणूसुद्धा वालुमाशीमार्फत येतो, माणसाकडून माणसाला नाही. अशा लेकराला हात लावायला बिचकणारी एक नवी मुलगी मी पाहिली होती. तिला कुणी हे सांगितलंच नव्हतं.

मागच्या वर्षी माझी एक जुनी विद्यार्थिनी फोनवर रडत होती. तिसरा महिना लागलेला, ड्युटी नवजात अतिदक्षता विभागात, आणि सासूबाईंचा हट्ट की नोकरी सोड. कुणीतरी तिला सांगितलं होतं की तिथल्या बाळांच्या लघवीतून सीएमव्ही नावाचा विषाणू येतो आणि पोटातल्या बाळाला बहिरं करतो.

येतो, हे खरं आहे. लहान मुलांच्या लाळेतून, लघवीतून तो महिनोन्महिने बाहेर पडत राहतो, आणि मूल वरून ठणठणीत दिसतं. पण भारतात दहातल्या नऊहून जास्त मोठ्या माणसांच्या अंगात तो लहानपणीच येऊन बसलेला असतो. आधी येऊन गेलेल्या बाईच्या बाळाला धोका पूर्ण जात नाही, पण पुष्कळ कमी होतो. आणि नीट हात धुणाऱ्या सिस्टरांना तो बाहेरच्या बायकांपेक्षा जास्त होतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. तिला मी त्याऐवजी रुबेलाचं विचारलं. जन्मतःच रुबेला असलेलं बाळ, मोतीबिंदू, हृदयाचा दोष घेऊन आलेलं, वर्षभरापर्यंत तो विषाणू बाहेर टाकू शकतं, आणि पहिल्या तीन महिन्यांतली रुबेलाची लागण पोटातल्या बाळाला फार वाईट. "लस घेतलीस?" नव्हती घेतली. "कांजण्या?" पाचवीत असताना आल्या होत्या, आईने पंधरा दिवस शाळेत पाठवलं नव्हतं.

तिने रक्त तपासलं. रुबेलाची प्रतिकारशक्ती निघाली, बहुधा लहानपणी कधीतरी तो आजार नकळत येऊन गेला असावा. मेट्रनला लेखी कळवून गोवराच्या खोलीची ड्युटी तेवढी तिने टाळली, बाकी बाळांना उचलत, दूध पाजत, दुपटी बदलत सातव्या महिन्यापर्यंत काम केलं. मुलगी झाली. परवा फोटो पाठवला होता, त्यात सासूबाई नातीला घ्यायच्या आधी बेसिनपाशी हात धुताना दिसतात.